पाकीट पालथं करा : मुंबईतल्या नव्या संसारासाठी लेबल वाचायची रीत

मुंबईत नवा संसार थाटला की स्वयंपाकघराचा अर्धा भार पाकिटांवर पडतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोघंही सकाळी आठच्या आत घराबाहेर पडतात, संध्याकाळी लोकलमधून अंग पिळवटून परततात. ओटा इतका लहान, की मिक्सर काढला तर पोळपाटाला जागा उरत नाही. अशा घरात आलं-लसणाची तयार पेस्ट, इडलीचं पीठ, फ्रोझन पराठे, खारी, टोस्ट, सॉस, नूडल्स हे सगळं येणारच. मग एके दिवशी फॅमिली ग्रुपवर ‘हे नंबर असलेली बिस्किटं खाऊ नका’ असा फॉरवर्ड येतो, सोबत कवटीचं चित्र. त्याच आठवड्यात डॉक्टर सांगतात की मीठ कमी करा. भाजीतलं मीठ कमी होतं, आणि ताटातला पापड, लोणचं, सॉस जागच्या जागी राहतो.

आमच्याकडे सासूबाईंचं बीपी आणि धाकट्याच्या अंगावर उठणारं पित्त, या दोन कारणांनी लेबलं वाचायची सवय लागली. त्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. घटकांच्या यादीच्या शेपटाला जे आकडे असतात त्यांना आपण वाजवीपेक्षा जास्त घाबरतो, आणि यादीच्या तोंडाशी बसलेल्या मैदा, साखर, पामतेल, मीठ या चौघांना मात्र घरच्यासारखं वागवतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या मताभोवतीच फिरतात.

काय काय लागेल

- मोबाइलचा कॅमेरा. लेबलावरची अक्षरं मुंगीएवढी असतात. फोटो काढून मोठा करून वाचायचा. घरात ज्येष्ठ असतील तर एक भिंग.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. साधाच पुरतो.
- घरातल्या माणसांच्या तब्येतीची यादी : कुणाला बीपी, कुणाला मधुमेह, कुणाची किडनी नाजूक, कुणाला शेंगदाणा किंवा दूध चालत नाही.
- मोबाइलवर एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲप.
- किराण्याची बिलं ठेवायला एक पिशवी. ती कशासाठी, ते शेवटच्या पायरीत.

## १. आधी घरातलाच माल उपसा

दुकानात जाऊन लेबल वाचायला सुरुवात करू नका. मागे रांग असते, वाणी ‘काय पाहिजे ताई’ म्हणून डोळे वटारतो, आणि आपण गडबडीत पुडा उचलतो. एखाद्या रविवारी ओट्याखालची ट्रॉली, फ्रिजचं दार आणि वरचं कपाट उपसून सगळी पाकिटं जमिनीवर मांडा.

त्यांचे तीन ढीग करा. रोज लागणारं : तेल, बिस्किटं, ब्रेड, सॉस, दुधात घालायची पावडर. आठवड्यातून एखाद्या वेळी लागणारं : नूडल्स, पापड, फ्रोझन माल. आणि सणावारी किंवा पाहुणे आले तर लागणारं. लक्ष पहिल्या ढिगावर द्या. दिवाळीत एकदा आणलेल्या जेलीच्या रंगावरून घरात वाद घालण्यात काही हशील नाही. रोज चहासोबत चार-चार जाणारी बिस्किटं आधी पालथी करा.

ज्यांनी माल डब्यात ओतून पाकीट फेकलं असेल त्यांनी यापुढे निदान मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा.

## २. पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू कायद्याची

पाकिटाच्या पुढच्या बाजूला गव्हाची लोंबी, गाईचं चित्र, ‘आजीच्या हातची चव’ असं काय काय असतं. मागच्या बाजूला काय छापायचं ते मात्र २०२० च्या लेबलिंग नियमांनी ठरवून दिलेलं आहे. म्हणून दुकानात पाकीट हातात आलं की आधी पालथं करायचं.

पुढच्या बाजूच्या काही गोष्टी तरीही ओळखून ठेवा, कारण फसगत तिथेच होते.

*मल्टीग्रेन, नाचणी, ओट्स.* एखाद्या घटकाचा डंका पुढे पिटला असेल तर तो किती टक्के आहे हे यादीत सांगावं लागतं. नाचणीच्या बिस्किटात नाचणी कितवी आहे आणि तिच्यापुढे कंसात किती टक्के लिहिलंय ते बघा. पुष्कळदा आकडा एक अंकी निघतो आणि पहिल्या नंबरावर मैदा बसलेला असतो.

*ब्राऊन ब्रेड.* तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो. यादीत १५०ए, १५०डी असा आकडा दिसला आणि पहिला घटक मैदा असला, तर तो पांढराच ब्रेड आहे, कपडे बदललेला.

*शुगर फ्री आणि नो ॲडेड शुगर.* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नसेल तरच ‘शुगर फ्री’ म्हणता येतं. ‘नो ॲडेड शुगर’मध्ये वरून साखर घातलेली नसते, पण फळाची किंवा दुधाची आपली साखर असतेच. मधुमेह असलेल्यांनी दोन्हीकडे एकूण कार्बोहायड्रेटची ओळ वाचावी. शुगर फ्री बिस्किटातला मैदा काही कुठे गेलेला नसतो. शिवाय माल्टिटॉलसारखे गोडवे जास्त पोटात गेले तर पोट बिघडतं. तशी सूचनाही पाकिटावर बारीक अक्षरात असते.

*फ्रोझन डेझर्ट.* आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्येच, तशाच डब्यात हे ठेवलेलं असतं. आइस्क्रीममध्ये दुधाचं फॅट, यात वनस्पती तेलाचं. नाव डब्यावर लिहिलेलं असतं, आपणच वाचत नाही.

*शंभर टक्के फळांचा रस.* घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून तयार केलेल्या पेयांवर हा दावा करू नये, असा आदेश एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये काढला. दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच झालं : एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानांना सांगण्यात आलं की ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली त्या विकू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाचा प्रकारच नाही.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून मागवत असाल तर मालाचे सगळे फोटो सरकवून मागच्या बाजूचा फोटो शोधा. नसेलच तर पहिल्यांदा एकच नग मागवा.

## ३. घटकांची यादी : पहिली चार नावं

यादीचा नियम एकच : जे वजनाने सर्वांत जास्त ते सर्वांत आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. एवढं कळलं की अर्धं काम झालं. गव्हाच्या बिस्किटात पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर ते मैद्याचं बिस्किट आहे. इंग्रजीत ‘व्हीट’ हा शब्द दिसला म्हणून कणीक समजू नका. कणकेला ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ लिहितात.

आता नमुन्यादाखल एक बाटली घेऊ. मुंबईच्या घरात शेजवान चटणी नाही असं होत नाही. पोळीला लावून मुलं खातात, डोशात जाते, भातात जाते. अशा बाटलीची यादी साधारण या धर्तीची असते : पाणी, लाल मिरची, लसूण, साखर, खाद्य वनस्पती तेल (पामोलीन), मीठ, ॲसिडिटी रेग्युलेटर (२६०), थिकनर (१४२२, ४१५), प्रिझर्व्हेटिव्ह (२११), फ्लेव्हर एनहान्सर (६३५).

घरातला माणूस ही यादी वाचतो आणि थेट १४२२ वर जाऊन थांबतो. तो आहे प्रक्रिया केलेला स्टार्च, चटणीला दाटपणा यावा म्हणून घातलेला. २६० म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. पण त्यांच्या आधी काय आहे? चौथ्या नंबरावर साखर, तिखट चटणीत. मग तेल, मग मीठ. दोन चमचे चटणी म्हणजे ताटात आणखी एकदा वाढलेलं मीठ आणि साखर, आणि तो हिशेब कुणी धरत नाही.

साखरेच्या बाबतीत एक लबाडी नेहमी दिसते. एकाच मालात साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी वेगवेगळी नावं येतात. प्रत्येकाचं वजन सुटं धरलं की ती यादीत खाली सरकतात आणि पहिल्या नंबरावर धान्य राहतं. ही नावं मनात एका ओळीत आणून बेरीज करा. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेत मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं. मधुमेहींनी तेही याच रांगेत बसवावं. गूळ आणि मधसुद्धा. गूळ घातला म्हणून बिस्किट औषधी होत नाही.

तेलाचं नाव कंसात असतं : पाम, पामोलीन, सोयाबीन, सूर्यफूल. ‘हायड्रोजिनेटेड’, म्हणजे घट्ट केलेलं तेल, हा शब्द दिसला तर ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, ओळ नक्की बघा. भारतात तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली, त्यामुळे नामांकित पाकिटांत हा प्रश्न बराच आटोक्यात आहे. सुट्या बेकरी मालात कोणती चरबी आहे हे आपल्याला दिसत नाही, ते पुढे.

## ४. कंसातले आकडे : कुणाला घाबरायचं, कुणाला नाही

आयएनएस नंबर म्हणजे खाद्यपदार्थात मिसळायच्या पूरक द्रव्यांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक. युरोपात त्यांच्याआधी ‘ई’ लावतात, बाकी क्रमांक बहुतेक तेच. आकडा असणं हा गुन्हा नाही. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक आम्ल. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ५०० म्हणजे खायचा सोडा आणि त्याची भावंडं. हे आकडे लिहून ‘विष’ म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हळदीचं दूध पाजावं.

तरी काही आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. सगळ्यांनी नव्हे, ज्याचा त्याचा.

मुलाच्या अंगावर पित्त उठत असेल तर कृत्रिम रंग बघा. भारतात असे आठच रंग खाद्यपदार्थांत चालतात : १०२ टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पॉन्सो, १२७ एरिथ्रोसिन, १३२ इंडिगो कार्मिन, १३३ ब्रिलियंट ब्लू आणि १४३ फास्ट ग्रीन. टार्ट्राझिनने थोड्या लोकांना पित्त उठतं किंवा दम्याचा त्रास वाढतो. सगळ्यांना नाही. म्हणून महिनाभर डायरी ठेवा : काय खाल्लं, कधी उठलं. आमच्या डायरीत पिवळ्या-नारिंगी पेयांची संध्याकाळ आणि रात्रीची खाज अशी जोडी वारंवार दिसली, तेव्हा डॉक्टरांशी बोलणं सोपं गेलं. डायरी नसती तर ‘कशाने तरी होतं’ यापलीकडे काही सांगता आलं नसतं.

दमा असेल तर सल्फाइट : २२० ते २२८. सरबतं, सुकवलेले जर्दाळू, पिवळेधमक मनुके यांत हे असतं. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत लिहावंच लागतं. पण मशीद बंदरला किंवा क्रॉफर्ड मार्केटात सुटा सुकामेवा घेताना लेबल कुठलं? तिथे चमकदार नारिंगी जर्दाळूपेक्षा काळपट, ओबडधोबड दिसणारा घ्या. तो बहुधा बिनसल्फाइटचा.

तान्ह्या बाळाच्या घरी ६२१ म्हणजे एमएसजी, आपलं अजिनोमोटो, असलेल्या पाकिटावर वर्षाखालच्या बाळांना देऊ नये अशा अर्थाची सूचना असते, ती पाळा. मोठ्यांच्या बाबतीत अजिनोमोटोचा बाऊ गरजेपेक्षा जास्त झाला आहे. टोमॅटोत आणि चीजमध्ये ग्लुटामेट आपसूकच असतं. मात्र ज्यांना ते नकोच आहे त्यांनी ‘नो एमएसजी’वर विसंबू नये, ६२७, ६३१, ६३५ आणि ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ हे त्याच चवीचे नातेवाईक आहेत.

गोडव्यांचे आकडे : ९५० एसेसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ लिहिलेल्या मालात शोधा. कृत्रिम गोडवा असेल तर मुलांना देऊ नये ही सूचना पाकिटावर असते. मुलांच्या हाती ‘झिरो’ची बाटली देताना ती वाचा.

प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे २०२, २११, २८२ वगैरे, यांच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. मुंबईच्या दमट हवेत ब्रेड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरसटतो. ठरलेल्या मर्यादेतलं प्रिझर्व्हेटिव्ह मला बुरशीपेक्षा बरं वाटतं. ते टाळायचं असेल तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचा माल थोडा आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात ओट्यावर नको.

## ५. पोषणाचा तक्ता : पाकिटाचं नव्हे, पोटात गेलेलं मोजा

तक्त्यात आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरला दिलेले असतात. शेजारच्या रकान्यात एका सर्व्हिंगमुळे दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग भरतो ते असतं. हे टक्के २००० किलोकॅलरीच्या आहारावर काढलेले आहेत : वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, संपृक्त स्निग्ध पदार्थ २२ ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम.

गोम सर्व्हिंगमध्ये आहे. वेफर्सच्या पाकिटावर सर्व्हिंग २० ग्रॅम लिहिलेलं असतं, आणि मॅच बघता बघता अख्खं पाकीट रिकामं होतं. म्हणून टक्क्यांचा रकाना सोडा आणि १०० ग्रॅमचा धरा. आपण खरंच किती खातो ते एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा.

हिशेब असा. समजा नूडल्सवर १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे. पोटात गेलं ८४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं : २.१ ग्रॅम. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एका वाडग्यात दिवसाचं चाळीस टक्क्यांहून जास्त मीठ संपलं. साखरेचा हिशेब आणखी सोपा : ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा. १०० ग्रॅमला २४ ग्रॅम साखर असलेला ७५ ग्रॅमचा बिस्किटपुडा म्हणजे साडेतीन चमचे.

बीपीवाल्या घरांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. पापडखार, खायचा सोडा, बेकिंग पावडर यांतही सोडियमच असतं, चव खारट लागली नाही तरी. टोस्ट आणि खारी त्यामुळे निरुपद्रवी वाटतात. आणि उपासाचं सैंधव हेसुद्धा बव्हंशी सोडियम क्लोराइडच, त्यामुळे ‘सैंधव आहे, चालतं’ ही पळवाट बंद करा. बाजारात मिळणाऱ्या लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

## ६. खुणा, तारखा आणि चौदा आकडी नंबर

ही पायरी झटपट उरकते.

हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी इथेही ठिपकाच असायचा. अंडं मांसाहारीत धरलं जातं, म्हणून केकवर त्रिकोण दिसला तर दचकू नका.

‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली की माल टाकायचा. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची आणि खुसखुशीतपणाची मुदत.

ॲलर्जीची सूचना यादीखाली ‘कंटेन्स’ या शब्दाने सुरू होते : गहू, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. ‘मे कंटेन’ म्हणजे कारखान्यात मिसळण्याची शक्यता आहे. तीव्र ॲलर्जी असेल तर तेही टाळा.

एफएसएसएआयचा नंबर चौदा आकडी असतो. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. सोसायटीच्या ग्रुपवर मसाले, लाडू, चकल्या विकणाऱ्या काकूंकडेही ही नोंदणी हवी. नंबर खरा आहे का ते ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तपासता येतं. संकोच न करता विचारा. चांगल्या काकू स्वतःहून छापतात.

## ७. जिथे लेबलच नाही

मुंबईचं निम्मं खाणं सुटं असतं : लादी पाव, खारी, फरसाण, मिठाई, पनीर. तिथे डोळे, नाक आणि प्रश्न एवढंच हत्यार.

बेकरी. पावात मैदा, यीस्ट, मीठ, पाणी, थोडी साखर-चरबी. तसा साधा माल. ब्रेडमध्ये वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये बंद झालं. खारीचे पदर मात्र घट्ट चरबीशिवाय सुटत नाहीत. बेकरीवाल्याला विचारा, ‘बटर, वनस्पती की मार्जरिन?’ खारी खाऊन टाळूला मेणचट थर बसत असेल तर उत्तर टाळूनेच दिलं.

फरसाण आणि वडे. तळणीच्या तेलाचा रंग आणि धूर बघा. तळणीचं तेल कुठवर वापरावं याला कायद्याने मर्यादा आहे : १ जुलै २०१८ पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून तयार होणारी द्रव्यं, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. आपल्याला ते मोजता येत नाही, पण काळं, फेसाळणारं तेल ओळखता येतं. वडापाव वर्तमानपत्रात बांधू देऊ नका. छपाईची शाई गरम तेलात उतरते. घरून डबा न्या. चार दिवस हसतील, मग सवय होईल.

मिठाई. ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘बेस्ट बिफोर’ तारीख लावणं बंधनकारक आहे. पाटी नसेल तर मागा. भडक जिलबी, झगमगीत गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’ यांपासून लांब राहा. रोडामाइन-बी नावाचा कापडाचा रंग सापडल्याने २०२४ मध्ये तामिळनाडू आणि कर्नाटकात अशा रंगीत कापूस-मिठाईवर बंदी आली. चौपाटीवर फिकट रंगाची निवडा, नाहीतर राहू द्या.

पनीर. छोटा तुकडा पाण्यात उकळा, थंड होऊ द्या, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च मिसळलाय. ही चाचणी फक्त स्टार्च पकडते. वनस्पती तेलापासून केलेलं ‘ॲनालॉग’ तिच्यात पास होऊ शकतं. हॉटेलला माल पुरवणाऱ्या दुकानांत ते स्वस्त मिळतं, पाकिटावर ‘ॲनालॉग’ शब्द शोधा.

मसाला. वर्षाचा मसाला करायचा असेल तर लालबागच्या मसाला गल्लीत मिरची स्वतः निवडून, भाजून, डंकाच्या यंत्रावर कुटून आणता येतो. उन्हाळ्यात गर्दी फार. सकाळी लवकर जा. पैसे आणि वेळ दोन्ही जातात, पण त्या डब्यात काय आहे हे तुम्हाला लेबलाशिवाय ठाऊक असतं.

## ८. जुलाब झाले तर ओआरएस, सरबत नको

केमिस्टकडे ओआरएसच्या नावाखाली गोड पेयांची टेट्रापॅक वर्षानुवर्षं विकली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द चालणार नाही, असा आदेश एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. केमिस्टकडे ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्याची पुडी द्या’ असं म्हणा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. अर्धी पुडी अंदाजाने नको.

## ९. बदल एकेक करा, नाहीतर घरात बंड होतं

सगळी पाकिटं एका दिवशी कचऱ्यात टाकणारी सून किंवा जावई टिकत नाही. पहिल्या ढिगातली एक वस्तू निवडा, ती संपेपर्यंत वापरा, आणि पुढच्या वेळी तिच्याजागी दुसरी आणा. तुलना एकाच जातीच्या दोन मालांत, १०० ग्रॅमच्या आकड्यांवर करा. शेजारी ठेवलेल्या दोन सॉसमध्येही सोडियमचा फरक दिसतो.

सर्वांत कमी कष्टात फळ देणारं काम म्हणजे आलं-लसणाची पेस्ट. रविवारी वाटून, थोडं तेल घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका भाजीला एक वडी. नूडल्समध्ये मसाल्याची पुडी अर्धीच टाका आणि गाजर-मटार वाढवा; बरंचसं मीठ त्या पुडीतच असतं. ज्येष्ठांच्या ताटातला पापड बंद करण्यापेक्षा एका दिवसाआड करा. आमच्या सासूबाईंनी याच तहावर सही केली.

महिन्याचा किराणा एकगठ्ठा घेणाऱ्यांना मुंबई ग्राहक पंचायतीचा पर्याय आहे. १९७५ पासून चाललेली ही संस्था सभासदांचे लहान लहान संघ करून माल पुरवते, आणि बोलायला शेजारी मिळतात ते वेगळंच.

बारकोड स्कॅन करून गुण देणारी ॲप्स मी वापरत नाही. एकाच फरसाणाला एक ॲप हिरवा देतं, दुसरं लाल.

## १०. माल खराब निघाला तर

बुरशी, किडा, उघडलेलं सील, खोटी तारीख, चुकीची ॲलर्जी सूचना, काहीही असो : आधी फोटो. पाकिटाचा, बॅच नंबरचा, तारखेचा, परवाना नंबरचा आणि दोषाचा. उरलेला माल त्याच पाकिटात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. बिल जपा, ऑनलाइन ऑर्डर असेल तर तिचा स्क्रीनशॉट.

मग पाकिटावरच्या ग्राहक सेवा नंबरावर किंवा ईमेलवर कळवा. फोन केला तरी पाठोपाठ ईमेल टाका, म्हणजे तारीख नोंदली जाते. इथे एक सापळा असतो : कंपनीचा माणूस घरी येतो, बदली पुडा आणि वर खाऊची टोपली देतो, आणि खराब माल घेऊन जातो. पुरावा गेला. द्यायचाच असेल तर थोडा भाग स्वतःकडे ठेवून, लेखी पोच घेऊन द्या.

उत्तर समाधानकारक नसेल तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार टाका, किंवा एफएसएसएआयच्या १८००-११२-१०० वर फोन करा. महाराष्ट्रात कारवाई करते ती अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए; मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. पैसे परत मिळण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग : दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही.

फारसा कुणाला ठाऊक नसलेला एक हक्कही आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेता येतो. अट अशी, की तपासणीचा आपला विचार खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. अहवाल मालाविरुद्ध गेला तर भरलेली फी परत मिळते. नमुना किती घ्यायचा, कसा बंद करायचा आणि फी किती, हे आधी एफडीएच्या कार्यालयात विचारून घ्या, आणि मगच दुकानाची पायरी चढा.